वास जातो कुठे

२९ जानेवारी २०१२, रविवार. सकाळी ८.१०

नंदा काल पुष्पकने लखनौहून नाशिकला गेली. लेकीचं, अंतराचं, बाळंतपण. होळी झाली की परत. घरात मी आणि मुलगा सिद्धेश. सिद्धेश बँकेत असतो, आणि बँकेत नसतो तेव्हा मोबाइलमध्ये असतो. म्हणजे घरात मी.

ही वही आजपासून. कुणी वाचायची नाही. संस्थेत एकतीस वर्षं लॅब नोटबुक लिहिलं, तीच शिस्त इथे. तारीख, वेळ, निरीक्षण, निष्कर्ष. भावना नकोत.

नंदाने फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवलाय. सतरा सूचना. क्र. ३: गॅसचं बटण दोनदा बघणे. क्र. ९: माक्याचं तेल डावीकडच्या फळीवर, कॉफीच्या बरणीत, रोज झोपताना टाळूला लावणे. क्र. १७: क्र. ३ पुन्हा वाचणे. मी सुगंधी वनस्पतींचा शास्त्रज्ञ आहे. माझ्या नाकासमोरून गॅस सुटून जाईल आणि मला कळणार नाही? कागद काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

३० जानेवारी. रात्री जेवणानंतर

कालच्या सेक्टर कमिटीच्या मीटिंगची नोंद राहिली. विषय: होळी मिलन, ८ मार्च, कॉलनीच्या पार्कात. भांगेची ठंडाई दरवर्षी शेजारचे गोपीनाथजी करतात. मिश्रा. सिंचन विभागातून रिटायर. बावीस वर्षं स्वतः सिलबट्ट्यावर, म्हणजे पाट्या-वरवंट्यावर, वाटतात. माणूस सज्जन, पण सायन्सचा गंध नाही.

मी उभा राहून स्पष्ट सांगितलं की गेल्या दोन होळ्यांत तुमच्या ठंडाईला वासच नव्हता. गोपीनाथजी म्हणाले, हो सकता है डॉक्टर साहब, हाथ बूढ़ा हो गया होगा. मग मी समजावलं. वास उडून जाणारी चीज आहे. उकळलं की उडतो, वाटलं की उडतो, उघडं ठेवलं की उडतो. त्याला पकडायला स्निग्ध पदार्थ लागतो. भांग आणि मसाला दोन्ही आधी तुपात उतरवायचे, मग ते तूप दुधात. गोपीनाथजींनी विचारलं, ठंडाई में घी? मी म्हटलं, जी. ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

जबाबदारी माझ्याकडे आली. टाळ्या कमी, पण आदराने.

आता मुख्य मुद्दा. प्रमुख पाहुणे रस्तोगीजी. चौकात शरबत आणि अर्काची तीन पिढ्यांची पेढी. त्यांचे जुने उस्ताद दिवाळीत वारले, त्यांच्या गादीवर बसायला त्यांना एक नाक हवंय. रोज सकाळी जायचं, आलेला माल हुंगायचा, हो किंवा नाही म्हणायचं, चहा प्यायचा. मी ३१ मार्चला रिटायर होतो. १ एप्रिलला सकाळी नऊ वाजता कुठे जायचं, हा प्रश्न मला डिसेंबरपासून कुरतडतोय. ही भावना आहे, पण आवश्यक म्हणून नोंदवली.

ठंडाई चांगली झाली की गादी माझी. प्लॅन सरळ आहे.

२ फेब्रुवारी. संध्याकाळ

भांगेच्या सरकारी दुकानात गेलो. मागे उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने मला ओळखलं आणि नमस्कार करून रांग सोडली. दुकानदाराला विचारलं की तुमच्याकडे वासाच्या दृष्टीने उत्तम कोणती. तो म्हणाला, बाबूजी, सूँघनी है कि पीनी है? समाजात शास्त्रीय दृष्टी नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

प्रयोग क्र. १. बख्शी का तालाबहून येणाऱ्या दूधवाल्याकडून घेतलेलं लोणी. कढवलं. त्यात भांग, बडीशेप, मिरी, वेलची, वाळलेल्या गुलाबपाकळ्या. मंद आच. गाळलं. रंग सुरेख हिरवा. हुंगलं.

वास: शून्य.

सिद्धेश बाहेरून आला आणि नाकाला रुमाल लावून म्हणाला, यार बाबा, गली के मोड़ तक आ रही है. नीट विचार केला. वास भांड्यात नाही आणि गल्लीच्या तोंडाला आहे. याचा अर्थ एकच. वास भांड्यातून निघून गल्लीत गेला. माझा सिद्धांत पहिल्याच दिवशी सिद्ध झाला.

एक निरीक्षण. नंदा असली की घरात वास असतो. दारात पाऊल टाकलं की ती आतून म्हणते, आज आमटीला हिंग जरा जास्त झालाय, आणि लगेच मला हिंगाचा वास येतो. ती गेल्यापासून घर सपाट. निष्कर्ष: सिद्धेश भलताच मसाला आणतो.

८ फेब्रुवारी

प्रयोग क्र. २. दम पद्धत. हंडीचं झाकण कणकेने लिंपून घेतलं. या शहरात लोक बिर्याणीला देतात ते संरक्षण मी तुपाला दिलं. चार तासांनी कणीक फोडली, नाक आत घातलं, भाजलं. नाकाच्या शेंड्याला फोड. वास नाही.

समोरच्या घरातल्या वहिनींनी सिद्धेशला विचारलं की तुमच्याकडे कुणी बाबा उतरलेत का. म्हणजे कणीक गळकी.

१० फेब्रुवारी. संस्थेत

पॅनेल होतं. लेमनग्रासचे सहा नमुने. पॅनेलवर मी अध्यक्ष. माझी पद्धत ठरलेली आहे, आधी ज्युनिअरने बोलायचं, म्हणजे त्यांच्यावर दबाव येत नाही. मृणाल बोलते, मी ऐकतो, हुंगतो आणि बहुतेक वेळा सहमत होतो. चांगली मुलगी. नागपूरची. तिचं नाक मीच घडवलं. आज सर्दी म्हणून ती आली नाही. मी सहाही नमुन्यांना 'पुनर्विचारार्थ' असा शेरा दिला. घाईत निर्णय देणं हे शास्त्र नव्हे.

१२ फेब्रुवारी, रविवार

फोनवर नंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो, तूप उतरवताना विड्याचं पान टाकता की नाही? आमच्या आईकडे त्याशिवाय कढवत नसत, वास धरून राहतो. मी हसलो. मग पान आणायला गेलो. पानवाल्याने विचारलं मीठा की सादा. मी म्हटलं, अख्खं, धुतलेलं, बिनचुन्याचं, तुपात टाकायला. त्याने दिलं, पण गल्ल्यावरून उठून माझ्याकडे बघत राहिला.

प्रयोग क्र. ३. पान तडतडलं. आवाज उत्तम. वास नाही.

नंदाने मध्येच विचारलं की तुम्हाला खरंच काहीच येत नाहीये का. आवाज जरा विचित्र. मी म्हटलं, मला नाही, तुपाला येत नाहीये. ती म्हणाली, बरं. गॅस बंद केला का बघा.

१३ फेब्रुवारी

सिद्धेशने सकाळी घरभर आरडाओरड केली. शेगडीचं बटण रात्रभर अर्धं उघडं. त्याने खिडक्या उघडल्या, मेन बंद केला, मला अंगणात काढलं, पायात चप्पलही नव्हती. म्हणाला, आपको सच में नहीं आई बू? मी म्हटलं, आली होती. निरीक्षण करत होतो. मग त्याने आत जाऊन आईला फोन केला. दार लावून. या पिढीला प्रत्येक गोष्ट आईला सांगायची असते.

ड्रॉवरमधला कागद पुन्हा फ्रिजला लागला. मी नाही लावला.

१५ फेब्रुवारी

संकल्प: वास पळण्याचे सर्व मार्ग बंद करणे. स्वयंपाकघराच्या खिडक्यांना टेप. दाराखाली ओली चादर. एक्झॉस्टच्या भोकात नंदाची जुनी उशी. प्रयोग क्र. ४ चालू असताना मी आतच थांबलो. दीड तास. डोळ्यांतून पाणी, घशात खवखव, कपडे ओले. वास: अजिबात नाही. मी स्वतः पहाऱ्यावर असताना तो गेला.

बाहेर आलो तर गोपीनाथजी गेटाशी उभे. अत्यंत नम्रपणे म्हणाले की घर में सब ख़ैरियत? खाँसी सुनाई दी. आणि निघताना म्हणाले, डॉक्टर साहब, ख़ुशबू तो माशाअल्लाह हमारे पूजाघर तक है. टोमणा. पण उपयुक्त डेटा. वास भिंतीतून जातो.

१७ फेब्रुवारी

थोडं तूप बाटलीत घालून मृणालकडे दिलं. 'नमुना घ' एवढंच लिहिलं. फक्त मसाल्याचं होतं, नियमांची मला जाणीव आहे. तिने वासाचे घटक मोजणाऱ्या मशीनवर लावलं. कागदावर शिखरंच शिखरं. म्हणाली, सर, हे तर प्रचंड आहे, मी झाकण उघडलं तर कॉरिडॉरमधून तीन जण आले. मी कागद नीट पाहिला. मशीन जुनं झालंय. शेवटी मशीनला नाक नसतं. तिला तसं सांगितलं. ती खाली बघून हो सर म्हणाली. तिचे डोळे पाणावलेले वाटले. सर्दी अजून गेली नसावी.

१९ फेब्रुवारी, रविवार

मतदान. भांगेचं दुकान बंद. उद्या महाशिवरात्र, म्हणजे उद्या उघडल्यावर झुंबड. नियोजनात या गोष्टी धराव्या लागतात.

२० फेब्रुवारी. दुपारी ४

अंतराला मुलगा झाला. सात पौंड. दोघंही छान. नंदा फोनवर रडत होती, म्हणाली, टाळूला काय वास येतो हो, मी सकाळपासून हुंगतेच आहे. मी म्हटलं, नीट वर्णन कर, कोणत्या वर्गातला. ती म्हणाली, येईन तेव्हा सांगेन.

आजोबा झालो. वेलची संपली.

२२ फेब्रुवारी

प्रयोग क्र. ७ आणि अंतिम. आता वेगळा विचार केला. वास पळतो तो आपण त्याला सतत तपासतो म्हणून. झाकण उघडलं की तो सावध होतो. म्हणून या वेळी एकदाही हुंगलं नाही. दमावर शिजवलं, पान टाकलं, गाळलं, गरम असतानाच बरणीत भरून झाकण घट्ट. वास आत आहे. असायलाच हवा.

बरणी कॉफीची, तपकिरी झाकणाची. नंदाच्या माक्याच्या तेलाचीही तशीच. तेही हिरवं, आणि खोबरेल असल्यामुळे इथल्या थंडीत तुपासारखंच घट्ट बसलेलं. सिद्धेश लेबल लावूया म्हणाला. मी नकार दिला. ज्या घरात नाक आहे त्या घरात लेबल म्हणजे अपमान.

२४ फेब्रुवारी

फळीवर ऊन येतं असं लक्षात आल्याने दोन्ही बरण्या पलंगाखाली ट्रंकेत ठेवल्या होत्या. आज बाहेर काढल्या. कोणती कुठली हा प्रश्न सामान्य माणसाला पडला असता. मी झाकणं उघडली, दोन्ही एकेकदा हुंगली आणि निर्णय दिला. तीन सेकंद. तूप फ्रिजमागे, तेल बाथरूममध्ये.

संध्याकाळी नंदाने फोनवर विचारलं, तेल लावता का, केस किती गळतायत. सूचना क्र. ९. आजपासून रोज लावणार.

२५ फेब्रुवारी

तेल लावलं. गाढ झोप. माका गुणी वनस्पती आहे.

२६ फेब्रुवारी, रविवार

उशीवर मुंग्या. रांगेने येऊन रांगेने गेल्या. लखनौच्या मुंग्यांनाही शिस्त आहे. तेल पुन्हा लावलं, जरा सढळ हाताने.

२७ फेब्रुवारी. सकाळी ९.३०

भाजीच्या ठेल्यावर वाकून टोमॅटो बघत होतो. मागून गाय आली आणि तिने माझं डोकं चाटलं. एकदा नाही. ठेलेवाला म्हणाला, बाबूजी हिलिए मत, पुण्य है. सहा-सात वेळा चाटून ती माझ्याबरोबर घरापर्यंत आली आणि गेटावर मान टाकून उभी राहिली. गोपीनाथजींच्या पत्नीने तिला नैवेद्य आणून दिला आणि मलाही.

निष्कर्ष: प्राण्यांना निष्णात माणूस कळतो.

२९ फेब्रुवारी

संस्थेच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहते. शेवटचा महिना, लोकांना बोलायला अवघड होत असेल. मृणालने मला लॅबच्या कोपऱ्यात घेऊन अतिशय सभ्यपणे विचारलं की सर, डोक्याला काय लावता. मी म्हटलं, माका. ती म्हणाली, अच्छा. मग म्हणाली, सर, मला तुपाचा आणि भांगेचा वास येतोय. मी तिला समजावलं की जिथे काम करतो तिथले वास कपड्यांत राहतात. तिच्या नाकाचं कौतुकही केलं. वास कपड्यांत आहे म्हणजे बरणीतला सुटला की काय, या काळजीने दिवस गेला.

२ मार्च

सिद्धेश म्हणाला, बाबा, आपके सर से घी टपक रहा है. मी म्हटलं, तेल. तो म्हणाला, घी. अर्धा तास वाद. शेवटी मी म्हटलं की या घरात नाक कोणाचं आहे? तो उठून गेला. दाराशी थांबून म्हणाला, मम्मी का. मी दुर्लक्ष केलं. मुलाने आईला मान द्यावा हे योग्यच आहे.

६ मार्च

निवडणुकीचे निकाल. दिवसभर ढोल. मी बदाम, मगज, खसखस भिजवून वाटलं. मिक्सरमध्ये. सिलबट्ट्याचा अभिमान मी मोडणार.

७ मार्च. सकाळी ६

साठ माणसांचं दूध. फ्रिजमागची बरणी काढली, तूप कोमट करून पूर्ण ओतलं. हुंगलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. चवही पाहिली नाही, कारण चव ही नाकाची नोकर. हंडा बर्फात ठेवला. तासाभराने वर हिरवे कण जमले. मी त्यांना सुगंधाची बेटं म्हणतो. उद्या भाषणात वापरायचं.

सिद्धेश म्हणाला, ये क्या है. मी म्हटलं, ३१ वर्षांचा अनुभव.

८ मार्च, गुरुवार. दुपारी ३.४०

प्रचंड यश. सविस्तर लिहितो.

पार्कात साठेक माणूस. रंग, गुझिया, गळाभेट. भाषणात मी वासाचं शास्त्र सांगितलं, सुगंधाची बेटं हा शब्द वापरला. मग पहिला ग्लास गोपीनाथजींना. त्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. बराच वेळ गिळला नाही. म्हणजे ते चवीला तोंडात घोळवत होते. मग म्हणाले, वाह घैसास साहब, बिल्कुल अलग चीज़ है, ऐसी हमने ज़िंदगी में नहीं पी. बावीस वर्षांच्या प्रतिस्पर्ध्याकडून ही दाद.

पाठोपाठ सगळे. क्या बात है. लाजवाब. इसका तो जवाब ही नहीं. एकाही माणसाने नाव ठेवलं नाही. ग्लास घेऊन सगळे पार्काच्या कडेला झाडांशी जाऊन उभे राहत होते. या शहराला झाडांची फार आवड. कुंड्यांपाशी तर गर्दी झाली. पंधरा मिनिटांत सगळे ग्लास रिकामे.

ओठ पुसत होते सगळे. स्निग्धपणा. ते अपेक्षित होतं.

नशा कुणालाच चढली नाही. एका भाभीजींनी केसांवरून हात फिरवत म्हटलं की भाई साहब, इसे पीकर मायके की याद आ गई. सुगंधाची ताकद ही असते. नंतर गोपीनाथजींनी घरातून आपली एक बादली काढली आणि लोक तिकडे सरकले. तुलनेसाठी असावं.

आता महत्त्वाचं. रस्तोगीजी. पांढरा कुर्ता, कानात अत्तराचा फाया. ते प्यायले नाहीत. ग्लास नाकाशी धरून तीन मिनिटं उभे. मी घड्याळ लावलं होतं. मग त्यांनी खिशातून छोटी शिशी काढली, दोन चमचे ठंडाई त्यात भरून घेतली आणि मला विचारलं की ये किसने बनाया है. मी मान झुकवून म्हटलं, नाचीज़ ने. ते म्हणाले, इतवार को दौलतख़ाने पर हाज़िर होता हूँ. म्हणजे रविवारी माझ्या घरी.

गादी माझी. व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर: डॉ. श्रीपाद घैसास, प्रमुख नाक. हिंदीत 'मुख्य नासिका' कसं वाटेल, विचार करायचा.

नंदाला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, वर हिरवे कण जमले म्हणजे? मग म्हणाली, बाथरूममधली बरणी हातात घ्या आणि मला सांगा तिच्यात वेलचीचे बारीक कण दिसतायत का. मी म्हटलं, दिसतायत, का? ती म्हणाली, काही नाही. उद्याची गाडी मिळते का बघते.

१० मार्च, शनिवार. संध्याकाळी ७

नंदा आली. दारातच थांबली. दर वेळी काहीतरी म्हणते, आज काही म्हणाली नाही. माझ्या डोक्याजवळ आली, हुंगलं, आणि बाथरूममध्ये जाऊन स्टुलावर बसली. आधी मला वाटलं रडतेय. हसत होती. मग मला वाटलं हसतेय, तर रडत होती.

मग सांगितलं. ठंडाईत तिचं केसांचं तेल. डोक्याला भांगेचं तूप. दोन आठवडे.

माझं निरीक्षण: बरण्या सारख्या असणं ही तिची चूक आहे. असं मी म्हटलं. ती हो म्हणाली. इतक्या लवकर हो म्हटलेलं मला आवडलं नाही.

११ मार्च, रविवार. दुपारी २

रस्तोगीजी आले. अकरा वाजता. मी शर्टाला इस्त्री केली होती, डोकं तीनदा धुतलं होतं. ठरवलं होतं की कबूल करायचं नाही, ठंडाई हा एक नवीन प्रयोग होता असं म्हणायचं.

बसले. चहा. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी एक फाया माझ्या मनगटाला लावला आणि विचारलं, फ़रमाइए. मी सवयीने म्हटलं, नंदा, तू आधी बोल. नंदा माझ्याकडे बघत राहिली. तोंड उघडलं, मग मिटलं. नेहमी ती आधी बोलते. आज बोलली नाही. मी मनगट नाकाशी धरलं. काहीच नव्हतं. पण गादीचा प्रश्न होता. म्हटलं, खस. उत्तम प्रतीची.

रस्तोगीजी म्हणाले, जी, खस भी कह सकते हैं. सिद्धेश खिडकीकडे बघत होता. नंतर कळलं, गुलाब होता. शाळेतलं पोरही ओळखतं असा गुलाब.

मग त्यांनी ती शिशी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, दूध-मसाला जाने दीजिए. इसके नीचे एक तेल है. नारियल, भृंगराज (म्हणजे माका), गुड़हल (म्हणजे जास्वंद), मेथी, थोड़ा करीपत्ता, और मेथी इस तरह भूनी है कि जली नहीं, बस जलने से एक पल पहले उतारी है. जिसने वह एक पल पकड़ा है, मुझे उनकी नाक चाहिए.

नंदाने पदर सावरला आणि म्हणाली, जी, मैंने बनाया है.

एक एप्रिलपासून. रोज सकाळी नऊ. नंदा.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५

रस्तोगीजी गेल्यावर नंदाने चहाचे कप आवरले नाहीत. समोर बसली. म्हणाली, ऑक्टोबर दोन हजार नऊ. तुमचा तो पंधरा दिवसांचा ताप. तो उतरला, पण नाक परत आलं नाही. दूध करपून खरवड जळाली, तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होतात. तेव्हा कळलं. डॉक्टरांना मी एकटीने जाऊन विचारलं. ते म्हणाले, कधी येतं, कधी नाही.

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तुमची नोकरी होती. आणि नुसती नोकरी नव्हती.

म्हणून ती रोज दारातून सांगायची. हिंग. तूप. पावसात भिजलेले कपडे. ती सांगायची आणि मला यायचा. मी विचारलं, आणि पॅनेल? ती म्हणाली, मृणालला मी फोन केला होता. तिला म्हटलं, सर म्हणतात ना ज्युनिअरने आधी बोलायचं, तर तू बोलत जा.

नोंद: ही माहिती प्रथमदर्शनी चुकीची वाटते. पडताळणी आवश्यक.

५.४०: हिंगाचा डबा उघडला. हुंगला. काही नाही. हिंग जुना असावा.

५.५५: सिद्धेशला पाठवून नवीन हिंग आणला. त्याने वाद घातला नाही, लगेच गेला. सीलबंद. फोडला. सिद्धेश दोन पावलं मागे सरला, नंदाने नाकाला पदर लावला. मी डबा नाकाशी धरून उभा.

६.०५: अजून उभा.

१२ मार्च

गोपीनाथजींकडे गेलो. सांगितलं की तुमच्या ठंडाईला वास होता. ते म्हणाले, अरे साहब, छोड़िए, आपकी वाली से हमारा गुड़हल बहुत ख़ुश है, नई कली आई है. मग आत नेऊन बसवलं आणि गुझिया दिली. गोड होती. एवढं कळतं अजून.

गाय गेटावर आली होती. डोकं धुतल्यामुळे तिने मला ओळखलं नाही.

१३ मार्च. सकाळी ७.२०

नंदाच्या बॅगेत बाळाचं एक झबलं आहे. न धुतलेलं. स्वतःसाठी आणलं होतं, गाडीत हुंगत आली म्हणाली. आज माझ्या हातात दिलं. मी नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग तिला म्हटलं, तू आधी सांग.

तिने सांगितलं. दूध. वेखंडाची धुरी. कोमट खोबरेल. मानेपाशी थोडं आंबट.

लिहून घेतलं.